एनके पेशी, स्टिरॉइड आणि भ्रूण रुजणे : प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कोणी घ्यावीत?

अनुजा_प

सर्वांना नमस्कार. आमचे आयव्हीएफचे उपचार बऱ्याच काळापासून सुरू आहेत. भ्रूणांची प्रत चांगली असते, गर्भाशयाच्या अस्तराची जाडीही पुरेशी भरते, तरी प्रत्यारोपणानंतरचा, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतरचा, रक्ताचा रिपोर्ट नकारार्थी येतो. उपचारांच्या आधी एकदा आपसूक दिवस राहिले होते, पण ठोके दिसल्यानंतर, दहावा आठवडा उलटल्यावर गर्भपात झाला. आता डॉक्टरांनी रक्तातील एनके पेशींची (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) तपासणी करून घेतली आणि त्यांचे प्रमाण जास्त आल्याचे सांगितले. "तुमची प्रतिकारशक्ती भ्रूणाला परके समजून हुसकावून लावते आहे," असे त्यांचे म्हणणे आहे. पुढच्या प्रत्यारोपणाच्या वेळी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि इंट्रालिपिड नावाचे सलाईन घ्यावे, असा सल्ला त्यांनी दिला आहे.

मला विचारायचे आहे ते असे : या औषधांचा खरोखर उपयोग होतो का, आणि दिवस राहिलेच तर बाळाला त्यांचा काही अपाय होतो का? ज्यांनी ही औषधे घेतली आहेत आणि ज्यांनी विचारपूर्वक नाकारली आहेत, अशा दोघांचेही अनुभव वाचायला आवडतील.

केतकी

अनुजा, मी घेतली आहेत. माझीही कथा जवळजवळ अशीच होती. प्रेडनिसोलोन आणि इंट्रालिपिड घेऊन केलेल्या पहिल्याच प्रत्यारोपणात दिवस राहिले आणि आज मुलगी शाळेत जाते. चेहरा थोडा सुजला, झोप उडाली आणि भूक अनावर झाली, यापलीकडे मला काही त्रास झाला नाही. मी तर घ्या असेच म्हणेन.

चौकस

केतकी, मुलीला आशीर्वाद. पण तेच प्रत्यारोपण गोळ्यांशिवाय केले असते तर काय झाले असते, हे कळण्याची काही सोय आहे का?

केतकी

नाही. आणि आम्हाला संशोधन करायचे नव्हते, मूल हवे होते.

स्टेथोस्कोप

मी संधिवात आणि त्यासारख्या स्वयंप्रतिकार आजारांच्या विभागात काम करतो. वंध्यत्व-उपचार हा माझा विषय नाही, पण ही औषधे मी रोज लिहून देतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा एनके पेशींचा. या पेशींना 'नॅचरल किलर' हे नाव त्या विषाणूबाधित आणि कर्करोगाच्या पेशी मारतात म्हणून मिळाले, आणि त्या नावामुळेच अर्धी भीती निर्माण होते. गर्भाशयाच्या अस्तरातील एनके पेशी रक्तातील एनके पेशींपेक्षा स्वभावाने वेगळ्या असतात. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत अस्तरातील पांढऱ्या पेशींमध्ये बहुसंख्या त्यांचीच असते, आणि त्यांचे काम गर्भाला मारणे नसून गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावायला मदत करणे हे असते, म्हणजे वारेला पुरेसे रक्त मिळते. त्यामुळे हाताच्या शिरेतून घेतलेल्या रक्तात एनके पेशी किती आहेत, यावरून गर्भाशयात काय चालले आहे याचा अंदाज बांधणे हे रस्त्यावरची गर्दी मोजून एखाद्या घरात किती माणसे राहतात ते सांगण्यासारखे आहे. शिवाय रक्तातील हे प्रमाण तणावाने, व्यायामाने, इतकेच काय पण दिवसाच्या वेळेनुसारही बदलते.

दुसरा मुद्दा प्रेडनिसोलोनचा. 2023 साली चीनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्यारोपणे वारंवार अयशस्वी झालेल्या 715 स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोन (शरीरात त्याचेच प्रेडनिसोलोन होते) आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते आहे हे स्त्रियांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण स्टिरॉइड घेणाऱ्यांत 37.8 टक्के आणि न घेणाऱ्यांत 38.8 टक्के होते. म्हणजे फायदा दिसला नाही. उलट अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती स्टिरॉइडच्या गटात जास्त झाल्या.

केतकी

त्या 715 स्त्रियांच्या एनके पेशी वाढलेल्या होत्या का? नसतील, तर ती चाचणी अनुजाला कशी लागू पडते?

स्टेथोस्कोप

प्रश्न रास्त आहे. त्या स्त्रियांची निवड एनके पेशी पाहून केलेली नव्हती, त्यामुळे वाढलेल्या एनके पेशींच्या गटाबाबत ती चाचणी अखेरचा शब्द ठरत नाही. पण तो गट ज्या तपासणीने वेगळा काढायचा ती तपासणीच डळमळीत आहे, हे माझ्या पहिल्या मुद्द्याचे तात्पर्य. ब्रिटनमधील वंध्यत्व-उपचारांची नियामक संस्था, एचएफईए, अशा जोड-उपचारांना पुराव्यानुसार रंगांचे दर्जे देते, आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित उपचारांपैकी एकालाही तिथे हिरवा दर्जा मिळालेला नाही. युरोपातील वंध्यत्वतज्ज्ञांची संघटनादेखील हे उपचार सरसकट देऊ नयेत असेच सांगते.

अवलिया

हा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास सांगतो. आईच्या शरीराला निम्मे परके असलेले मूल ती नऊ महिने कसे सांभाळते, हा प्रश्न 1953 साली पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने स्पष्टपणे मांडला. पुढे त्यांना अवयव-रोपणाच्या प्रतिकारशास्त्रातील कामासाठी 1960 चे नोबेल मिळाले. पर-अवयव शरीर नाकारते हे ते रोज पाहत होते, त्यामुळे गर्भ का नाकारला जात नाही, हे कोडे त्यांना पडणे स्वाभाविक होते. मात्र त्या प्रश्नाची एक सावली अजून रेंगाळते आहे असे मला वाटते. गर्भ म्हणजे रोपण केलेले मूत्रपिंडच, अशी कल्पना केली की तो टिकवायला मूत्रपिंडासारखीच औषधे लागणार, असे आपोआप वाटू लागते. प्रत्यक्षात वार हा स्वतंत्र, विलक्षण अवयव आहे आणि आईची प्रतिकारशक्ती तिच्याशी लढत नाही, तिच्याबरोबर काम करते.

याच ओघात 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचीही आठवण काढायला हवी. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशी टोचण्याची पद्धत तेव्हा बरीच चालत असे. चाचणीत असे दिसले की टोचलेल्या गटात यश जास्त नव्हते, उलट कमीच होते. त्यानंतर 2002 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर ही पद्धत वापरू नये असे बजावले. कल्पना सुंदर होती, एवढेच म्हणता येईल.

सुलेखा

या चर्चेची दुसरी बाजू मांडते, कारण माझ्यासारख्या बायका असा धागा वाचून घाबरतात. मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते तो आजार. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि थोडे अझाथायोप्रिन ही माझी कायमची औषधे. दिवस राहिल्याचे कळले त्याच संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी खोक्यातला तो घड्या घातलेला पातळ कागद उलगडला, मुंगीएवढ्या अक्षरांत "गरोदरपणी टाळावे" अशा अर्थाची ओळ शोधली, आणि गोळ्यांची पट्टी माझ्या हातून काढून घेतली. सासूबाईंचा हेतू चांगलाच होता. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी जवळजवळ दटावलेच : "औषध थांबवलेत तर आजार उसळेल, आणि उसळलेला ल्युपस बाळाला या गोळीपेक्षा कितीतरी जास्त घातक आहे."

मूल होऊ देण्याआधी आजार किमान सहा महिने शांत असावा, म्हणून आम्ही थांबलो होतो. औषधे प्रसूतीपर्यंत आणि नंतर अंगावर पाजतानाही चालू राहिली.

स्टेथोस्कोप

सुलेखाताईंच्या डॉक्टरांशी पूर्ण सहमत. वाचकांच्या सोयीसाठी एवढे सांगतो, की प्रतिकारशक्ती दाबणारी सगळी औषधे एका माळेचे मणी नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, योग्य प्रमाणातील अझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस आणि गरजेपुरते प्रेडनिसोलोन ही गरोदरपणात चालतात. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड आणि सायक्लोफॉस्फामाइड ही मूल होऊ देण्याआधी बंद किंवा बदलावी लागतात. मायकोफेनोलेटमुळे गर्भपात होतात आणि बाळाच्या कानात, ओठात व टाळूत व्यंग राहू शकते, म्हणून ते किमान सहा आठवडे आधी थांबवतात. सायक्लोफॉस्फामाइड तर अंडाशयातील बीजांचा साठाच कमी करते, त्यामुळे ते सुरू करण्यापूर्वी तरुण स्त्रीशी बीजे गोठवून ठेवण्याबद्दल बोलायला हवे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे बोलणे बरेचदा राहून जाते.

निरंजन

पुरुषांच्या बाजूने एक भर. मला आतड्याच्या दाहासाठी सल्फासॅलाझिन चालू होते. मूल होत नाही म्हणून बायकोच्या शरीरातून काढता येईल तेवढे रक्त काढून झाले, सोनोग्राफ्या झाल्या, एका नातेवाइकांनी तिची पत्रिकाही पाहून दिली. मग एका शांत स्वभावाच्या डॉक्टरीणबाईंनी मान वर करून मला विचारले, "आणि तुम्ही कोणत्या गोळ्या घेता?" सल्फासॅलाझिनने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होते आणि औषध बदलल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते, हे मला त्या दिवशी समजले. आता आमचे चिरंजीव मला माझ्या गोळ्यांची आठवण करून देतात.

चौकस

पत्रिकेत सल्फासॅलाझिनचा ग्रह कोणत्या स्थानी होता, तेही कळू द्या.

वैशाखी

माझे मूत्रपिंड रोपण झालेले आहे. जिवंत दाता माझी आई. मूल हवे असे ठरल्यावर मायकोफेनोलेट थांबवून त्याजागी अझाथायोप्रिन दिले गेले आणि नव्या औषधावर मूत्रपिंड स्थिर राहते ना, हे पाहण्यात बरेच महिने गेले. रोपणानंतर किमान एक वर्ष जाऊ द्यावे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) स्थिर असावे आणि लघवीतून प्रथिने फारशी जात नसावीत, अशा त्यांच्या अटी होत्या.

गरोदरपण म्हणजे टॅक्रोलिमसच्या पातळीचा पाठलाग होता. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तास झाले की, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचे, म्हणून पर्समध्ये गोळी घेऊन प्रयोगशाळेच्या बाकावर बसायचे आणि सुई निघाली की लगेच ती तोंडात टाकायची. गरोदरपणी शरीरातील रक्ताचे आकारमान वाढते आणि यकृत औषध लवकर निकामी करते, म्हणून माझा डोस वाढवत न्यावा लागला. रक्तदाब शेवटी चढलाच आणि बाळ थोडे आधी आले. दोघे ठीक आहोत. मूत्रपिंडही.

अवलिया

वैशाखी, तुमच्या परंपरेतील पहिली स्त्री म्हणजे ईडिथ हेल्म. 1956 साली तिच्यात जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड बसवले गेले आणि 1958 साली तिला मुलगा झाला. एकसारखी जुळी बहीण असल्यामुळे तिला प्रतिकारशक्ती दाबणारे औषध लागलेच नव्हते. आणि 2014 साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे रोपण केलेल्या गर्भाशयातून पहिले बाळ जन्मले. गर्भाशय 61 वर्षांच्या मैत्रिणीने दिले होते. ते परके गर्भाशय टिकावे म्हणून आई संपूर्ण गरोदरपणात टॅक्रोलिमससारखी औषधे घेत होती. बाळ बत्तिसाव्या आठवड्यात, 1,775 ग्रॅम वजनाचे झाले. अशा स्त्रियांचे अपत्यप्राप्तीचे काम झाले की ते गर्भाशय काढून टाकतात आणि औषधेही बंद करतात.

केतकी

हेच तर मला म्हणायचे होते. वैशाखीताई इतकी जबर औषधे घेऊन आई झाल्या, सुलेखाताई झाल्या, गर्भाशय बसवलेल्या बायका झाल्या. मग अनुजाने काही आठवडे थोडेसे प्रेडनिसोलोन घेतले तर एवढे काय बिघडणार आहे? उपयोग झाला तर झाला.

स्टेथोस्कोप

केतकीताई, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. औषध सुरक्षित आहे असे आम्ही म्हणतो तेव्हा मनात कायम एक तुलना असते. वैशाखीताईंनी गोळ्या सोडल्या तर मूत्रपिंड जाईल, सुलेखाताईंनी सोडल्या तर ल्युपस उसळेल. त्या संकटाशी तुलना करता वाढलेला रक्तदाब किंवा थोडी आधी झालेली प्रसूती ही पत्करण्याजोगी किंमत ठरते. अनुजाताईंच्या बाबतीत दुसऱ्या पारड्यात काय आहे? सिद्ध झालेला आजार नाही आणि सिद्ध झालेला फायदाही नाही. मग लहानशी जोखीमही एकटीच पारड्यात उरते.

आणि ती जोखीम कल्पित नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्वप्रतिपिंडे (स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे) आढळलेल्या आणि वारंवार गर्भपात झालेल्या 202 स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रेडनिसोन व अ‍ॅस्पिरिन दिले गेले. जिवंत बाळांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, पण अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती औषध घेणाऱ्यांत 62 टक्के आणि न घेणाऱ्यांत 12 टक्के होत्या. रक्तदाब आणि मधुमेहही औषधाच्या गटात जास्त आढळले. तिथे डोस मोठा होता आणि गोळ्या बराच काळ चालल्या होत्या, हे मान्य. अनुजाताईंना सुचवलेला डोस बहुधा बराच कमी असेल आणि त्याची जोखीमही त्या मानाने कमी.

बाळापर्यंत किती औषध पोहोचते, याचेही उत्तर देतो. प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वारेतील एक विकर (एन्झाइम) निष्प्रभ करते, त्यामुळे साधारण दहावा हिस्साच बाळापर्यंत जातो. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन मात्र वार सहज ओलांडतात. म्हणूनच लवकर प्रसूती होणार असे दिसले की बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत यासाठी मुद्दाम तीच इंजेक्शने देतात.

गोळीवाला

मी औषधशास्त्राचा पदवीधर आहे, म्हणून इंट्रालिपिडबद्दल लिहितो. तो सोयाबीनच्या तेलाचा पांढरा, दुधासारखा दिसणारा द्रव असतो. अंड्यातील फॉस्फोलिपिडमुळे तेल त्यात एकजीव राहते. ज्या रुग्णाला तोंडाने किंवा नळीने अन्न देता येत नाही, त्याला शिरेतून स्निग्ध पदार्थ पुरवण्यासाठी ते तयार केले गेले. एनके पेशींना ते आवरते, ही कल्पना मुख्यतः प्रयोगशाळेतील निरीक्षणांवर उभी आहे. सोया किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते घेण्याआधी सांगितलेच पाहिजे, आणि ते नीट निर्जंतुक पद्धतीने दिले नाही तर संसर्गाचा धोका असतो, कारण जंतूंनाही ते आवडते.

चौकस

म्हणजे उपाशी रुग्णासाठी बनवलेले तेल आशेवर जगणाऱ्या बायकांना विकले जाते.

अनुजा_प

चौकस, विनोद कळला, पण आशेवर जगण्यात काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही.

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येते. स्टेथोस्कोप, तुमचे म्हणणे पटले तर मी काहीच न करता पुन्हा प्रत्यारोपण करायचे का? "काहीच करू नका" हे ऐकायला फार कठीण जाते. गोळी घेतली की निदान आपण काही करतो आहोत असे वाटते.

स्टेथोस्कोप

अनुजाताई, काहीच करू नका असे मी म्हणणार नाही. तुमच्या पहिल्या निवेदनातील एक वाक्य मला पहिल्यापासून खटकते आहे. दहावा आठवडा उलटल्यावर, ठोके दिसलेल्या गर्भाचा गर्भपात झाला, असे तुम्ही लिहिले आहे. अशा वेळी अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमची, म्हणजे रक्तात गुठळ्या आणि गर्भपात घडवणाऱ्या एका स्वयंप्रतिकार आजाराची, तपासणी करायला हवी. त्यात रक्तातील ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-2-ग्लायकोप्रोटीन अशा तीन गोष्टी पाहतात. रिपोर्ट सकारात्मक आला तर किमान बारा आठवड्यांनी तो पुन्हा करावा लागतो, कारण साध्या विषाणूसंसर्गानंतरही तो तात्पुरता सकारात्मक येऊ शकतो. तुमची ही तपासणी झाली आहे का?

हा आजार निघाला तर त्यावर पुराव्याचा आधार असलेला उपाय आहे, आणि तो प्रतिकारशक्ती दाबण्याचा नाही. कमी डोसचे अ‍ॅस्पिरिन आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शने यांनीच त्यात बाळ सुखरूप होण्याची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट केतकीताईंच्या अनुभवाबद्दल, अनादर न करता. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, कारण न सापडता वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना प्रोजेस्टेरॉन किंवा निरुपद्रवी औषध दिले गेले. निरुपद्रवी औषध घेणाऱ्यांपैकीही 63 टक्के स्त्रियांना पुढच्या गरोदरपणात जिवंत बाळ झाले. त्या स्त्रियांना आपसूक दिवस राहिले होते, त्यामुळे हा आकडा आयव्हीएफला तसाच लागू होत नाही. पण त्या वेळी हातात जे औषध असेल त्याला श्रेय मिळते, एवढे त्यातून नक्की दिसते.

केतकी

अनादर वाटला नाही. तरीही माझ्यावर पुन्हा तीच वेळ आली तर मी तीच गोळी घेईन.

रेवा

एक पूरक माहिती. ज्यांना संधिवातासाठी किंवा आतड्याच्या दाहासाठी इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शने चालू आहेत, त्यांनी प्रसूतीनंतर बाळाच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे. ही औषधे गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतात. अशा बाळाला बीसीजीसारखी जिवंत जंतूंची लस सवयीप्रमाणे जन्मतःच देऊन चालत नाही, ती पुढे ढकलावी लागते. मला हे बाळंतपणाच्या खोलीत, नर्सच्या हातात लस असताना आठवले. सेर्टोलिझुमॅब हे त्याच वर्गातील औषध मात्र रचनेमुळे वार जवळजवळ ओलांडत नाही.

अनुजा_प

स्टेथोस्कोप, ती तपासणी झालेली नव्हती. काल डॉक्टरांशी बोलले. प्रेडनिसोलोनबद्दल विचारल्यावर ते थोडे चिडले, पण अँटीफॉस्फोलिपिडची तपासणी करायला तयार झाले. तोपर्यंत प्रत्यारोपण थांबवले आहे. इंट्रालिपिडला मी नाही म्हटले.

नवी_पालवी

हा धागा आजच वाचला आणि हात थरथरत आहेत. मला प्रत्यारोपणाच्या आधीपासून प्रेडनिसोलोन चालू आहे, त्याला आता बरेच आठवडे झाले आणि परवाच रिपोर्ट सकारात्मक आला. मी उद्यापासून गोळ्या बंद करू का?

स्टेथोस्कोप

नाही, स्वतःहून एकदम बंद करू नका. काही आठवडे स्टिरॉइड घेतले की शरीर स्वतःचे कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणे कमी करते. गोळी अचानक थांबवली तर थकवा, उलट्या आणि रक्तदाब उतरणे असा त्रास होऊ शकतो, आणि पहिल्या महिन्यांतल्या मळमळीत तो चटकन ओळखूही येत नाही. डॉक्टरांना उद्याच फोन करून तीन गोष्टी विचारा : ही गोळी मला नेमकी कशासाठी दिली आहे, ती टप्प्याटप्प्याने केव्हा कमी करायची, आणि साखरेची तपासणी नेहमीपेक्षा लवकर करायची का. मधल्या काळात ताप आला तर अंगावर काढू नका. आजवर जेवढी गोळी पोटात गेली तिच्यामुळे बाळाला काही झाले असेल असे समजून रात्र जागवू नका. अभिनंदन.